एकोणिसाव्या प्रश्नाची बाई

भिंगरीबद्दल तपासनिसाला, खरं सांगायचं तर, फारसं काहीच माहीत नव्हतं. तिचं लग्न झालं होतं की नाही, ती राहायची कुठे, दुपारी जेवायची तरी का, हे त्याने दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारावंसं वाटेपर्यंत ती निघून गेलेली असायची. माहीत होतं ते एवढंच: ती आधी घरोघर विजेचे मीटर वाचायची, मीटर आपले आकडे आपणच पाठवायला लागले तेव्हा तिचं काम सुटलं, आणि तिला एक थोरली बहीण होती. त्या बहिणीशी फोनवर बोलतानाही ती खोलीभर येरझाऱ्या घालायची. म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे, आणि तीही बिनतक्रार ओ द्यायची.

चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत त्यांचं कार्यालय होतं. काम पाहणीचं. उन्हाळे तापत चाललेत, वीज कमी लागावी, असं सगळेच म्हणतात. पण घरात प्रत्यक्ष निर्णय कोण घेतं, कसा घेतं, की घेतच नाही, ते शोधायचं. भिंगरी धरून सहा जणी टॅबलेट घेऊन दारोदार जायच्या आणि बेचाळीस प्रश्न विचारायच्या. तपासनीस निवृत्तीनंतर इथे लागला होता. दहांतल्या एका घरी फोन करून बाई खरंच आली होती का, एवढं त्याने विचारायचं. तरी अनोळखी माणसाला फोन लावण्याआधी तो काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्यायचा.

एका सोमवारी मुख्य संशोधक मॅडमनी त्याच्यापुढे एक कागद सरकवला.

"काका, एकोणिसावा प्रश्न बघा."

प्रश्न असा होता: तुमचा गिझर उद्या बंद पडला तर त्याच्या जागी काय घ्याल? तसाच, कमी विजेचा, छतावरचा उन्हावर चालणारा, की अजून ठरवलं नाही? नियम असा, की प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, मनात दहा आकडे मोजायचे, आणि उत्तर आलं नाही तर 'ठरवलं नाही'वर बोट ठेवून पुढे जायचं. बाकी पाच जणींकडे निम्म्याहून जास्त घरांनी ठरवलेलं नव्हतं. भिंगरीच्या एकशे ऐंशी घरांत अशी घरं होती फक्त सात. शिवाय टॅबलेट वेळ टिपायचा. इतरांना त्या प्रश्नाला अर्धं मिनिट पुरायचं, हिला बऱ्याच घरी पंधरा, कधी वीस मिनिटं.

"कुठेतरी बसून मनाने भरतेय," मॅडम म्हणाल्या. "तीस घरांना फोन लावा. शुक्रवारपर्यंत सांगा. खोटं निघालं तर तिला ठेवता येणार नाही."

तो आठवडा तपासनिसाचं कशात लक्ष लागेना. भिंगरी दारातून डोकावून "काका, चहा झाला का?" विचारायची आणि तो उगाच ड्रॉवर उघडून बसायचा.

पहिल्याच फोनवर एक गृहस्थ कडाडले, "आली होती म्हणजे? भांडण लावून गेली!"

"भांडण?"

"मी म्हटलं, ठरवलं नाही. तर म्हणते, मग ठरवा की, मी थांबते बाहेर. आणि खरंच जिन्यात जाऊन थांबली! इकडे आमची ही म्हणते छतावरचा घ्यायचा. म्हटलं, ढग आले की तू कर गार पाण्याने आंघोळ..."

"आणा तो फोन इकडे," मागून बायकोचा आवाज आला. "अहो, यांना मुळात आंघोळीचंच वावडं, यांना काय विचारता? घेतलासुद्धा आम्ही छतावरचा. बाईंना सांगा, थांबल्या ते बरं झालं."

तीसपैकी वीस घरी हाच प्रकार; बाकीच्यांचं आधीच ठरलेलं होतं. एक सासूबाई म्हणाल्या, "थांबली कसली, सारखी वरखाली करत होती. तिच्या चपलांनी डोकं उठलं, म्हणून तर आमचं लवकर ठरलं!"

गुरुवारी त्याने धीर करून तिलाच विचारलं, "बाई, तुम्ही जिन्यात कशाला थांबता?"

"मग काय करू? वीस वर्षं मीटर वाचलेत, काका. लोक ठरवत नाहीत. गिझर बंद पडतो, घरात आरडाओरडा होतो, कुणीतरी दुकानात पळतं आणि समोर दिसेल तो उचलून आणतं. पुढची बारा वर्षं तोच चालतो. 'ठरवलं नाही'वर बोट ठेवायला माझा हात उठत नाही."

"पण आपल्याला तेच तर मोजायचंय. किती जणांनी ठरवलेलं नाही, ते."

भिंगरी पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली. "एक उत्तर खोटं लिहिलेलं नाही मी."

"ठाऊक आहे मला."

"मग तसं लिहा."

शुक्रवारी सकाळी त्याने तसं लिहिलं. बाई प्रत्येक घरी गेल्या होत्या, उत्तरं त्या त्या घरांचीच आहेत. शब्द न् शब्द खरा होता आणि तिचं काम वाचणार होतं. पण त्याला बसवेना. खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. उद्या हे आकडे कुणी वाचेल आणि म्हणेल, लोकांचं तर सगळं ठरलेलंच आहे, कुणी दाराशी जायची गरजच नाही. शेवटी त्याने खाली एक ओळ वाढवली: मात्र उत्तर येईपर्यंत बाई जिन्यात थांबत होत्या.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "खोटं असतं तर सोपं होतं, काका. मोजायला पाठवलं, आणि हिने तराजूवरच हात ठेवला."

सगळे एकशे ऐंशी फॉर्म बाजूला काढले गेले. भिंगरीचंही काम गेलं. 'तिला दुसरं काही देता येईल का' हे वाक्य तपासनिसाने मनात तीनदा जुळवलं होतं. मॅडम उठून गेल्या तरी ते तोंडातून फुटलं नाही.

दुपारी ती टॅबलेट परत द्यायला आली. त्याच्या त्या एका ओळीबद्दल तिला कळलं होतं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून समजेना. त्याने पोचवही पुढे केली.

"सही इथेच ना, काका?"

"हो, तारखेच्या खाली."

"चार्जर पिशवीत आहे. वायर जरा वाकडी धरावी लागते, नाहीतर चार्ज होत नाही."

"बरं. सांगून ठेवतो."