काट्यावरची हाक

ॲम्प्लिफायरला काटे हवेत, हा हट्ट माझाच. तो काट्यांवाचून काही अडून बसला नव्हता, चांगला खणखणीत वाजत होता. पण मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते, तेव्हा धाराशिवच्या एका दुकानात एक कॅसेट डेक बघितला होता. त्याच्या तोंडावर दोन पिवळ्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक काटा. आवाज चढला की काटा उजवीकडं लाल रेघेकडं धावायचा, गाणं थांबलं की मुकाट्यानं डावीकडं येऊन पडायचा. दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायचं असंल तर सांगा." मी म्हटलं, "बघतीय." तेव्हापासून बघतच होते म्हणा ना.

आता येडशीत घराच्या पुढच्या खोलीत मी मिक्सर, टेबलफॅन आणि भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. हा एक मात्र स्वतःसाठी जोडला. गिऱ्हाईक हसतं, "ताई, मोबाईलच्या जमान्यात ही काय खटारी मांडलीय?" हसा बापांनो. तुमचा मिक्सर मात्र पुढच्या आठवड्यात न्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडंच असतात. मूळचे तेरखेड्याचे, सगळी हयात फटाक्याच्या कामात गेली. माल तयार झाला की त्यातला एक वाजवून बघायचा, हे त्यांचं काम. बाकीची माणसं कानात बोळे घालायची, हे नाहीत. म्हणायचे, "बोळा घालून आवाज कसा कळंल?" आणि त्यांची एक रीत होती. नव्या मालातला एक आणि आधी पसंत पडलेल्या मालातला एक, दोन्ही एकाच जागी ठेवून, तेवढ्याच अंतरावर उभं राहून, एकामागोमाग वाजवायचे. तसं केल्याशिवाय त्यांनी कुठल्याच मालाला ना बरं म्हटलं, ना वाईट.

व्हायचं तेच झालं, कान गेले. हळूहळू गेले, म्हणून त्यांना पटलंच नाही. "माझ्या कानाला काय धाड भरलीय? तुझी आईच तोंडातल्या तोंडात बोलती," हे त्यांचं ठरलेलं. आई बिचारी ओरडून ओरडून बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात रोजचीच भांडणं. पुढं तिचा घसा बसायला लागला आणि एक दिवस तिनं नादच सोडला. ताट दाखवायची, तांब्या दाखवायची, दाराकडं बोट करायची. ऐकायचं मशीन आणलं, तर अण्णांनी "ह्यात नुसत्या शिट्ट्या वाजत्यात" म्हणून डब्यात घालून ठेवलं.

परवाच्या साली आई गेली. भेटायला येईल त्याला अण्णा एकच सांगायचे, "रुसूनच गेली बघा. शेवटाला माझ्यासंगं बोलायचंच टाकलं व्हतं तिनं." माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. अहो, बोलून बोलून तिचा घसा फाटला! पण सांगू कुणाला? कागदावर लिहून दिलं तर तो बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "तू तर तिचीच बाजू घिनार." आपली बायको आपल्यावर रुसून गेली, हे धरून हा माणूस उरलेला जन्म काढणार, हे मला सोसत नव्हतं.

काटे मिळाले ते भंगारवाल्याकडं, एका मेलेल्या डेकमध्ये. त्यामागचा कागद पार पिवळा पडलेला. मी नवा कापला, त्यावर बारीक रेघा मारल्या आणि लाल रेघ ओढली चक्क नेलपॉलिशनं. जोडणी मात्र पहिल्या झटक्यात जमली नाही. स्पीकरच्या वायरीतून आवाज सरळ काट्याला दिला, तर तो जागच्या जागी थरथरायला लागला, थंडीत कुडकुडल्यासारखा. मग डायोड घातला, तसा काटा एकाच बाजूला उठू लागला. पण फारच उतावळा, शब्द संपायच्या आत खाली. त्याला थोडा वेळ वर थोपवायला मोठा कपॅसिटर घातला, तर स्वारी इतकी सुस्त की गाणं संपलं तरी वरच लोळतेय. शेवटी मधला सापडला. शब्दाबरोबर उठायचा, क्षणभर थांबायचा, मग खाली यायचा. एवढं झाल्यावर मी एकटीच "वा गं बाई!" म्हणून मोकळी झाले.

आता लावायचं काय? खरं सांगते, मला आधीपासून ठाऊक होतं काय लावायचं ते. शिकत असताना मी एकदा डेक आणि माईक मागून घरी नेला होता. त्यावर आवाजाची पातळी हातानं ठेवायची असायची, एकदा ठेवली की तो आपल्या मनानं कमीजास्त करायचा नाही. मी तो तेरखेड्याच्या घरी ओसरीवर मांडला आणि घरातला जो आवाज येईल तो एका कॅसेटवर भरून घेतला. ती कॅसेट आई गेल्यापासून मी लावली नव्हती. छातीच होत नव्हती.

दुपारची वेळ होती. अण्णा दारातल्या खुर्चीत बसले होते. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या जुन्या टेपमध्ये कॅसेट घालून मी बटण दाबलं. आधी कोंबडी, मग भांड्याचा आवाज, आणि मग आई.

"आवं, जेवायला चला!"

तोच आवाज, तोच शेवटाला ओढलेला सूर. "आवं, ऐकलं का? भाकरी गार व्हायलीय!" तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज चिरकलाय. आणि मग अगदी जवळून अण्णा, "काय म्हणतीस? तोंडातल्या तोंडात पुटपुटू नगं!"

मी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली, पुन्हा लावली. आईनं त्यात मला एकदा तरी हाक मारली असेल, असं उगाच वाटत होतं. नाही मारलेली. मी माईकपाशीच तर बसले होते, मला कशाला हाक मारेल? तरी मला ती इतकी हवी होती की मी खुळ्यासारखी कॅसेट संपेपर्यंत वाट बघितली.

तेवढ्यात अण्णा उठून आले. "हे काय हालतंय?"

मी तोंडाकडं बोट केलं, मग काट्याकडं.

"आवाज? कुणाचा?"

मी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं हात केला. त्यांनी एकदा फोटोकडं, एकदा काट्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "लाव."

मी लावलं. "आवं, जेवायला चला!" आणि दोन्ही काटे उठून थेट लाल रेघेवर. अण्णांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. "बटण वाढीवलंस व्हय?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग आता माझा आवाज दाखव." त्यांचा आवाज आला, काटे जेमतेम निम्म्यावर गेले.

"न्हाय. पयल्यापासनं लाव. बटणाला हात लावू नगं." असं म्हणून त्यांनी स्वतःचाच तळहात त्या बटणावर ठेवला, मी फिरवू नये म्हणून. काट्याला नाक लागेल एवढे वाकले. आधी आईचा, मग त्यांचा, एकामागोमाग. आई लाल रेघेवर, ते निम्म्यावर. माल तपासायला उभे राहायचे तसेच ते उभे होते.

"मी कुठं व्हतो तवा?"

मी माईक म्हणून स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि त्याला लागून त्यांचा हात ठेवला. इथं, अगदी शेजारी.

"आन ती?"

मी आत स्वयंपाकघराकडं बोट केलं. ते वळले आणि त्या दाराकडं बघत राहिले. मध्ये केवढं अंतर आहे ते मनाशी धरत असावेत.

"आत व्हती," ते म्हणाले. "चुलीपाशी." मग खुर्ची ओढून बसले. "मोठ्यानं बोलत व्हती की गं ती."

हे त्यांना कळावं म्हणून मी किती तडफडले होते! आणि कळलं तेव्हा त्यांचं तोंड बघवेना. वाटलं, जळो ते काटे, रुसून गेली म्हणत होते तेच बरं होतं. मी कॅसेट बंद करायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिचं लाव. माझं आलं की बंद कर. माझं नगं."

तेव्हापासून 'रुसून गेली' हे त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. दुपारी ताट वाढलं की मी त्यांना हात लावून उठवत नाही, पुढच्या खोलीत जाऊन कॅसेट लावते. ते काट्यांसमोर बसलेले असतात. काटे लाल रेघेवर जातात, खाली येतात, पुन्हा जातात. तिसऱ्या हाकेपर्यंत ते थांबत नाहीत. पहिल्याच हाकेला गुडघ्यावर हात टेकून उठतात आणि पार रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतात, "आलो गं, आलो."