शंभराव्या दिवसाचा मासा आणि माझी ताठ काठी

दत्ताभाऊ, गुडघा काय म्हणतो? जिना चढताना अजून कुरकुरतो की तेल लावल्यावर गप्प बसला? सुमनवहिनी, तुमची साखर उतरली असेल अशी आशा आहे. खरवस खाल्लात ते मला कळलंय. मनोहर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? मग हा ब्लॉग आता स्वतःच्या डोळ्यांनी वाच, सुनेला वाचायला बसवू नकोस. बाकी ज्यांची माझी ओळख नाही, पण जपानला जायचं मनात आहे, त्यांचीही तब्येत ठणठणीत असू दे. तिकडची थंडी कानातून शिरते.

आम्ही दोघं नोव्हेंबरात तीन आठवडे जपानला जाऊन आलो. आमचा नितीन टोकियोत संगणकाचं काम करतो. हल्ली पुण्या-मुंबईची पोरं भराभर तिकडे चालली आहेत, त्यातलाच हा एक. राहतो टोकियोच्या पूर्वेला, इचिकावात. सून मिहो तिथलीच. ती पुण्यात दोन वर्षं मराठी शिकायला होती आणि तिथेच दोघांचं जमलं. त्यांची लेक अमी शंभर दिवसांची होणार होती, म्हणून हा सगळा घाट.

आपल्याकडे उष्टावण असतं ना, तसंच तिकडे शंभराव्या दिवशी बाळाला पहिला घास भरवतात. फक्त भरवल्यासारखं करायचं. पानात डोक्या-शेपटीसकट अख्खा भाजलेला मासा हवा. बहुतेक घरांत तो बाजारातून येतो. पण मिहोचे वडील, म्हणजे माझे व्याही इशिदा-सान, यांनी मिहोच्या वेळी तो स्वतः पकडून आणला होता. तिच्या माहेरी त्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. या वेळी त्यांनी निरोप धाडला, "मासा अमीच्या दोन्ही आजोबांनी मिळून आणायचा. पहिला मान मुलाकडच्यांचा."

रेवदंड्याच्या खाडीत माझी चाळीस वर्षं जिताडा माशामागे गेली. मी लगेच हो म्हटलं. माझी काठी तर मी प्लास्टिकच्या पाइपात घालून विमानातून नेलीच होती. आखूड, जाड, ताठ. वाकता वाकत नाही.

शुक्रवारी इशिदा-सान आम्हाला गळाच्या दुकानात घेऊन गेले. मिहो अमीला छातीशी बांधून सोबत आली होती. दुकान कसलं, आपल्या तालुक्याच्या शाळेएवढं. नुसत्या गळांच्याच दोन भिंती. व्याह्यांनी एक लांब, बारीक काठी काढली आणि टोक धरून वाकवून दाखवली. अर्ध्यापर्यंत वाकली.

"ही काय, छत्रीची काडी?" मी म्हटलं आणि पाइप उघडून माझी काठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, खालीवर निरखली आणि काहीतरी पुटपुटले.

"बाबा, ते म्हणतात इतकी मजबूत काठी त्यांनी आजवर पाहिली नाही," मिहो म्हणाली.

माझी छाती दोन इंच फुगली. आमची ही मागून हळूच म्हणाली, "फार फुगू नका, कोटाचं बटण जाईल."

शनिवारी उजाडायच्या आत व्याह्यांच्या गाडीतून बंदरावर गेलो. अर्ध्या तासाचा रस्ता. वाटेत चोवीस तास उघड्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणि डब्यातली गरम कॉफी घेतली. डबा आधी खिशात ठेवायचा, हात शेकतात, मग प्यायचा. भाड्याच्या बोटीवर दहा-बारा जण असतात. माणशी साडेनऊ हजार येन, म्हणजे आपले साडेपाच हजारांच्या आसपास. व्याह्यांनी मला पाकीट काढू दिलं नाही. तुम्ही गेलात तर हातमोजे न्या, उलटीची गोळी निघण्याआधी घ्या आणि लाइफ जॅकेट काढायचा विचारही करू नका, नावाडी ओरडतो.

आमचा नावाडी सत्तरीचा, आवाज भोंग्यासारखा. तो यंत्रावर मासे बघायचा आणि किती खोल सोडायचं ते पुकारायचा. मासा म्हणजे सुझुकी. चंदेरी, मोठ्या तोंडाचा, आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ शोभेल असा. त्याला खाऱ्या पाण्यात जिगने पकडतात. जिग म्हणजे बोटभर लांबीचा शिशाचा चकाकता मासा, त्याला गळ लावलेला. तळाला सोडायचा आणि भरभर वर गुंडाळायचा.

तिसऱ्याच खेपेला माझ्या काठीला जोराचा हिसका बसला. मी घरच्या सवयीने दणकन वर ओढलं. मासा पाण्याबाहेर आला, कल्ले पसरून त्याने डोकं डावीउजवीकडे झाडलं आणि जिग माझ्या कानाजवळून सुसाटत बोटीवर येऊन आपटला. मासा गेला.

व्याही कळवळून "आआ" म्हणाले आणि वाकले. दुसरा तसाच गेला. तिसरा तर अगदी बोटीपाशी येऊन गेला. व्याह्यांनी स्वतःची दोरी अजून पाण्यात सोडलीच नव्हती. माझा मासा आधी यायला हवा ना, तोच पहिला मान. मी खुणेने म्हणायचो, तुम्ही टाका. ते मान हलवायचे, तुम्ही, तुम्ही. दहा वाजून गेले. बोट बाराला परतणार. शेजारचा पोरगेला गडी चार मासे काढून सँडविच खात होता आणि आम्ही दोन आजोबा एकमेकांना नमस्कार करत उभे.

तेवढ्यात व्याह्यांच्या मोबाइलवर मिहोचा फोन आला. त्यांनी तो मला दिला.

"बाबा, मिळाला का?"

"तीन मिळाले, तीन गेले. वर येऊन डोकं झाडतात आणि सुटतात."

ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. तुमची काठी चुकीची आहे. ती वाकत नाही. विणलेली दोरीसुद्धा ताणत नाही. मग मासा डोकं हलवतो तेव्हा जड जिग हातोड्यासारखा झुलतो, त्याच्या तोंडातलं गळाचं भोक मोठं होतं आणि गळ पडतो. मला हे सातवीत असताना माहीत होतं."

"मग तुझ्या वडिलांना माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग सकाळपासून बोलले का नाहीत? दुकानात का नाही बोलले?"

"मी त्यांना सांगितलं होतं," तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पुण्यात मी ज्यांच्याकडे राहायचे त्या काकू म्हणायच्या, मुलाकडच्या माणसांची चूक काढायची नाही. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. ओतोसानना, माझ्या वडिलांना, सगळं वाचून दाखवलं."

खरं सांगतो, मला हसावं की तोंड लपवावं कळेना. त्या बिचाऱ्या माणसाने लेकीच्या सासरचा मान राखायला नातीचा मासा तीनदा पाण्यात जाऊ दिला होता.

"मिहो," मी म्हटलं, "वडिलांना फोन देतो. सांग, तुझा सासरा म्हणतो ते वहीतलं पान फाडून टाका. मासा हवाय, मान नको."

त्यांनी फोन कानाला लावला, "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत ऐकलं, बंद केला. मग माझ्याकडे बघून असा सुस्कारा सोडला, जणू दोन दिवस श्वास कोंडून धरला होता. आणि तो वाकवाक वाकणारा गृहस्थ जो सुरू झाला. माझी काठी हातातून काढून घेतली, बोटीच्या टपावर बांधून टाकली. आपल्या पिशवीतून एक लांब थैली काढली. आत शुक्रवारची तीच छत्रीची काडी, दुकानाची चिठ्ठी अजून लटकलेली. मग अर्धा तास माझी शिकवणी. भाषा कळत नव्हती, बोलणी खातोय एवढं नीट कळत होतं.

तुमच्यासाठी सार लिहितो, कारण जिताड्यालाही हेच लागू आहे. काठी वरच्या अर्ध्यात मऊ हवी, म्हणजे मासा झटके देईल तेव्हा तीच झुकून दोरी ताठ ठेवते. विणलेल्या दोरीपुढे वावभर जाड नायलॉन बांधायचं, त्याला थोडा ताण असतो आणि कल्ल्याच्या धारेने ते कापलं जात नाही. माझा जाड गळ त्यांनी काढून फेकला. त्याऐवजी बारीक तारेचे, धारदार दोन छोटे गळ आखूड दोऱ्यावर जिगच्या डोक्याशी लोंबते बांधले. जिग झुलला तरी गळ आपल्या जागी राहतो. रिळाचा ब्रेक असा ठेवायचा की हाताने जोर लावून ओढली तर दोरी सुटली पाहिजे. आणि मासा लागला की दणका द्यायचा नाही. गुंडाळत राहायचं, थांबायचं नाही.

साडेअकराला नावाड्याने शेवटची खेप पुकारली. जिग तळाला गेला, मी गुंडाळू लागलो आणि सात-आठ फेऱ्यांत काठी जड झाली. हात आपसूक वर निघाला. व्याह्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "शिता, शिता." खाली, खाली. काठीचं टोक त्यांनी पार पाण्यात दाबलं. दोरी खालून ओढली गेली की मासा वर यायला बघतो तरी उडी मारता येत नाही त्याला, नुसतं पाणी खवळतं. एकदा त्याने अर्धं अंग बाहेर काढलंच. मोठं तोंड उघडलं, डोकं झाडलं. काडी झुकली, सरळ झाली, पुन्हा झुकली. दोरी एकदाही सैल पडली नाही.

व्याही जाळी घेऊन कठड्यावर ओणवे झाले होते. मासा जाळीत आला आणि दोरी सैल सोडताच गळ आपोआप निसटून जाळीत पडला. एवढ्यावरच तो अडकलेला होता. आम्ही दोघं खाली बसलो. नावाड्याने वरून काहीतरी म्हटलं, सगळी बोट हसली. व्याह्यांनी मला खुणेने सांगितलं. बहुधा, म्हातारे दोन आणि मासा एक.

रविवारी तो हातभर मासा स्वयंपाकघरातल्या भाजायच्या जाळीवर मावेना. इशिदा-सानच्या अंगणात कोळशावर भाजला. शेपटी करपू नये म्हणून तिला मिठात थापली होती. मुलीला घास घरातल्या वडीलधाऱ्या बाईने द्यायचा असतो. दोघी आज्या एकमेकींना पुढे करत बसल्या. शेवटी नितीन म्हणाला, "आई, आता तू पण सुरू करू नकोस." विहीणबाईंनी माशाचा कण ओठांशी नेला, आमच्या हिने खिरीचं बोट लावलं. अमीने खीर चाटली आणि माशाकडे बघून शिंकली. फोटो निघाला, त्यात माशाच्या डोक्याकडची मानाची जागा एकमेकांना देता देता मी आणि इशिदा-सान दोघंही शेपटीकडच्या बाजूला आहोत.

परत येऊन महिना झाला. ती काडी आता माझ्याकडे आहे आणि माझी ताठ काठी मी तिकडेच ठेवून आलो. व्याह्यांनी तिच्यावर टोमॅटोचा वेल चढवायचं ठरवलंय, असं मिहो सांगते. मी पुष्कळ मासे पकडले आणि गमावले, पण माझी चूक काढली तर मला राग येईल असं कुणाला वाटलं, त्यामुळे गेलेले हे तीनच. निदान मला माहीत असलेले तीनच. माहीत नसलेल्यांचा विचार करतो तेव्हा हसू येत नाही.

माघात व्याही आपल्या खाडीवर जिताड्याला येतायत. वीस ग्रॅमच्या जिगला केवढा गळ लावावा, यावर माझं अजून ठरत नाहीये. दत्ताभाऊ, मनोहर, दिवस थोडे आहेत, तेव्हा लवकर लिहा. आणि वर लिहिलंय त्यात काही चुकलं असेल तर तेही लिहा, सरळ, माझ्या वयाकडे न बघता.