लाल नेलपॉलिशचं सील

सेट चालू होता. हिरवा दिवा लागला होता. पण तपासणीसाठी तीन किलोमीटरवर होडीत ठेवलेल्या बीकनचा एकही सिग्नल येत नव्हता.

बीकन म्हणजे संकटात बोटीवरून मदतीचा इशारा पाठवणारी रेडिओची डबी. तो इशारा पकडणारा सेट आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात बनायचा, अन् टेस्टिंग माझ्याकडे. कोकणातल्या या मच्छीमार सोसायटीत तो नंदाताई सांभाळायच्या. आठवड्यापूर्वी त्यांच्याच भावाची बोट बुडाली. इशारा ऐकू आला तो शेजारच्या बंदरातल्या जुन्या सेटवर. तिथून मदत पोचेपर्यंत उशीर झाला. दोघं सापडले. भाऊ नाही सापडला.

कारखान्यात साहेबांना फोन केला. "अँटेनाले मीठ चढलं असन गा. पुस, रिपोर्ट लिही अन् ये वापस," ते म्हणाले. अँटेना मी सकाळीच पुसली होती. तारा, जोड, सगळं तपासून झालं होतं. उरला होता एक स्क्रू.

त्याला स्क्वेल्च म्हणतात. नुसती खरखर असली तर सेटला गप्प बसवायचं काम त्याचं. हिंगण्यात आजूबाजूला वेल्डिंग, मोटारी. सेट दिवसभर बोंबलायचा. म्हणून मी स्क्रू चांगला आवळून ठेवायचो. कोणी फिरवू नये म्हणून त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा थेंब, अन् खाली चिठ्ठी: सील तोडू नये. आता समुद्रावर कुठून येणार वेल्डिंग? तिथं येतो तो दुरून, बारीक सिग्नल. तोही या स्क्रूनं खरखर समजून अडवला. इतकी वर्षं टेस्टिंग केलं, अन् हे एवढं माझ्या टाळक्यात आलं नाही.

थेंब खरवडला. स्क्रू पाव फेरा सैल केला. लगेच बीप बीप सुरू झालं.

नंदाताई मागंच उभ्या होत्या.

"आधीच्या सेटचा हा स्क्रू आम्ही रोज फिरवायचो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसले होते. पण तुम्ही नको म्हणून लिहिलं होतं."

चूक माझी आहे, असं मी म्हणालो. त्यांनी ती चिठ्ठी सोलून काढली अन् माझ्या हातात दिली.

रिपोर्टमध्ये मी स्क्वेल्चच लिहिलं. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सील लावणं मात्र बंद झालं. सेट जिथं राहणार, तिथंच त्याचा स्क्रू जुळवायचा, अन् रोज ऐकणाऱ्याला विचारून जुळवायचा. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. अक्षर माझंच आहे.