रेखाताईंचा आवाज आणि चार स्टार

पडद्यावर रेखाताईंनी माइक तोंडाशी धरला, ओठ हलले, आणि आवाजच नाही! नुसती ढोलकी आणि कीबोर्ड. सुरतेतल्या प्रेस शोमध्ये मी खुर्चीतून अर्धा उठलो. कारण सिनेमाचा साउंड मिक्सर मी. म्हणजे संवाद, गाणं, वाद्यं एकमेकांत नीट बसवणारा माणूस.

काय झालं ते लगेच कळलं. कराओकेवाले ज्या नुसत्या वाद्यांवर गातात, त्याला मायनस ट्रॅक म्हणतात. आमचा दिग्दर्शक नीलेश. त्याने ऐनवेळी, मला न विचारता, क्लायमॅक्सच्या गाण्याची फाइल बदलली आणि चुकीच्या फोल्डरमधून हा मायनस ट्रॅक चिकटवून दिला.

रेखाताई सुरतेतल्याच उधन्याच्या. दिवसभर साड्यांना लेस लावतात, सुट्टीला कराओके ग्रुपमध्ये गातात. सिनेमा कराओकेवरचाच, म्हणून त्यात त्या स्वतःच दिसतात आणि हे गाणंही त्यांनी स्वतःच्या आवाजात गायलेलं. "सिनेमामा मनी वहू गास," म्हणजे माझी सून सिनेमात गाते, असं सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं. प्रेस शोला सासूबाई रेखाताईंच्या शेजारीच बसल्या होत्या.

"तुना आवाज कोठे शे वं?" त्यांनी विचारलं. रेखाताईंनी पदर तोंडाला लावला. मला फार वाईट वाटलं.

समीक्षक मात्र गहिवरले. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू आला: 'वरवर विनोदी वाटणाऱ्या या चित्रपटात, व्यवस्था श्रमिक स्त्रीचा आवाज कसा गिळते, हे दिग्दर्शकाने धाडसी मौनातून दाखवले आहे.' चार स्टार! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी साउंडचं कौतुक केलं, तेही जिथे आवाजच नव्हता तिथे.

मी नीलेशला फोन लावला. "रविवारी उधन्यात शो आहे. बरोबर फाइल पाठवतोय."

"डोकं फिरलंय का तुझं? चार स्टार आलेत!"

"अरे, सगळी गल्ली येणार आहे. लोक म्हणतील, बाईला गाताच येत नाही म्हणून आवाज कापला."

"ते मौन आहे. माझं व्हिजन आहे."

"बरं. मग व्हिजन कुठल्या फोल्डरमधून आलं, ते मी पत्रकारांना सांगू का?"

पलीकडे, काय सांगू, खरोखरचं धाडसी मौन पसरलं. फाइल बदलली गेली.

रविवारी रेखाताईंचा आवाज लागला आणि थिएटरात शिट्ट्याच शिट्ट्या. सासूबाई उभ्या राहून मागच्या रांगांना दटावत होत्या, ऐकू तर द्या म्हणून.

त्याच समीक्षक महाशयांनी सिनेमा पुन्हा पाहिला आणि दोन स्टार काढून घेतले. 'दिग्दर्शक बाजारापुढे झुकला. मौनाची जागा आता गाण्याने घेतली आहे.' कराओकेच्या सिनेमात गाणं! घोर अनर्थच की हो.

"दादा, माझ्या गाण्यामुळे स्टार गेले का?" रेखाताईंनी विचारलं.

"हो."

"जाऊ द्या. सासूबाई म्हणतात, काढून घेणाऱ्याला एकदा घरी जेवायला बोलव, समोर बसवून गाऊन दाखव."

मी एवढंच शिकलो: कुणी माझ्या कामातल्या अर्थपूर्ण शांततेचं कौतुक केलं, की आधी वायर तपासायची.