बिरोबाचा बोकड आणि गुळवेलीचा वाफा

सणसरच्या जोतीरामतात्यांचं सारं आयुष्य शेरडांच्या शेपटीमागं गेलं. पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा तात्यांनी बिरोबाला साकडं घातलं, "देवा, बसून करायचं काम दे. एक खुर्ची दे. तुझ्या नावानं बोकड सोडतो."

देव त्या दिवशी रिकामाच बसला असावा. महिन्याभरात बारामतीच्या एका संशोधन केंद्रानं सणसरच्या माळावर प्रयोगाचं शेत केलं आणि तात्यांना राखणदार नेमलं. आत गुळवेल आणि शतावरीचे वाफे, भोवती मोगली एरंडाचं कुंपण. एरंडाच्या बियांपासून डिझेल काढायचं, शिवाय त्याला जनावर तोंड लावत नाही म्हणून राखणही फुकटात, असा केंद्रातल्या संशोधक माधवी मॅडमचा दुहेरी बेत. फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची. तात्या तिच्यावर बसले, डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. दुसऱ्याच दिवशी कळपातला उत्तम बोकड देवाच्या नावानं सोडून मोकळे झाले.

मोकळे कसले! देवाचा बोकड कुणी बांधत नाही, मारत नाही, दारात आला तर रिकाम्या तोंडी धाडत नाही. आणि बोकडाला सगळ्या माळावर ओळखीचं माणूस एकच. तो थेट फाटकात हजर झाला. तात्यांनी मूठभर गवत पुढं केलं. बोकडानं ते हुंगलं आणि गुळवेलीकडं बघितलं.

"देवा, तेवढं सोडून काय बी माग. माझी नोकरी जाईल," तात्यांनी हात जोडले.

बोकड बाजूनं आत गेला. हात जोडलेल्या माणसाला काठी उचलता येत नाही. गुळवेल संपेपर्यंत तात्या त्याच्या शेजारी उभे राहून देवाला परिस्थिती समजावून सांगत होते.

तेवढ्यात माधवी मॅडम तपासणी समितीला घेऊन आल्या. समितीचे प्रमुख राजवर्धन साहेब. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. बोकड शतावरी चघळत होता.

"हे काय आहे?"

"देवाचा हाय साहेब," तात्या म्हणाले. "त्याला न्हाय म्हणता येत न्हाय."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. केंद्रात तीन वर्षं वाढवून इथं लावलेली रोपं बोकडाच्या पोटात गेली होती. पण बाई हुशार. लगेच म्हणाल्या, "सर, हा पुढचा टप्पा. औषधी वनस्पतींचा जनावरावर होणारा परिणाम. आणि लेंड्यांपासून गॅस."

"म्हणजे औषध आणि इंधन एकाच प्राण्यात?" साहेबांनी बोकडाभोवती आदरानं फेरी मारली. "मग हा मोकळाच फिरला पाहिजे. नैसर्गिक वर्तन! याच्यामागं दिवसभर कोण राहील?"

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी खुर्चीकडं बघितलं.

नोकरी गेली नाही, उलट कायम झाली. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं, हातात चिमटा आला. बोकड कधी सणसरच्या उसात शिरतो, कधी थेट सांगवीच्या रस्त्याला लागतो. तात्या लंगडत मागं, लेंडी पडली की वाकून पिशवीत भरतात, वर वेळ लिहितात. रस्त्यावरची माणसं बोकडाला नमस्कार करतात. तात्यांना कुणी करत नाही.

एकदा त्यांच्या बायकोनं, नकोशीबाईनं, भाकरी घेऊन निम्मा माळ तुडवला तेव्हा कुठं ते सापडले.

"आवं, कायम झाला म्हणं तुमी?"

"व्हय."

"मग बसा की जरा खुर्चीत. आणू का उचलून फाटकावरनं?"

"तिच्यावर पिशव्या ठिवल्यात," तात्या म्हणाले. "लेंड्यांना ऊन लागू द्यायचं न्हाय. साहेबांचा हुकूम हाय."

नकोशीबाईनं फडकं सोडलं. तात्या बांधावर टेकले, भाकरीचा तुकडा मोडला, आणि बोकड चालू लागला. तात्या उठले.