एकट्या ड्रमची कॅसेट

"जरा गप ऱ्हावा, हे ऐका," असं म्हणून ते समोर असेल त्या वस्तूवर दोन बोटं आपटायचे. टेबल असो, पाण्याचा माठ असो, नाहीतर तुमची स्वतःची सायकल. मग मान तिरकी करून विचारायचे, "बोलतंय का न्हाई?"

ते सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे आणि लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. गाव कुंडल. लहानपणी तिथं हलगी शिकले, पुढं फौजेच्या बँडमध्ये गेले. तिथल्या एका गोव्याच्या सोबत्यानं त्यांना जॅझची गोडी लावली. त्यामुळं वरातीत साधं गाणं चालू असतानाही त्यांच्या काठ्या मध्येच असं काही बोलून जायच्या, की तुम्ही-आम्ही थबकावं आणि ट्रंपेटवाल्यानं वळून डोळे वटारावेत.

"सर, मला एकदा एकट्याला वाजवायचंय," ते मला म्हणत. "फुडं ट्रंपेट न्हाई, घोडा न्हाई, नवरदेव न्हाई. नुसती ऐकनारी मानसं."

पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायचो. मेव्हण्यानं परदेशातून मला कॅसेट रेकॉर्डर आणून दिला होता. एका रविवारी दुपारी मी कॉलेजचा हॉल मिळवला. शंभरेक माणसं जमली. ते पांढरा शर्ट घालून, बायकोला घेऊन आले. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. ते वाजवायचे ते परक्यांच्या वरातीत.

सुरुवातीला त्यांनी जॅझच वाजवलं. लोक चुळबुळू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं, गाणं कवा सुरू हुनार?" हॉल खदखदून हसला. दोघं-चौघं उठलेसुद्धा. मी रेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवलं, पण टेप चालूच ठेवली.

त्यांनी काठ्या खाली ठेवल्या. पिशवीतून हलगी काढली आणि हसून म्हणाले, "ह्ये तर वळखीचं हाय न्हवं?"

कुस्तीच्या मैदानातली हलगी कडाडली. उठलेले खाली बसले. मग तोच ठेका त्यांनी पायानं मोठ्या ड्रमवर धरला, हलगी बाजूला ठेवली आणि हात पुन्हा जॅझकडं वळवले. या वेळी मात्र सगळा हॉल त्यांच्याबरोबर गेला.

टाळ्या थांबल्यावर बायको जवळ आली. "आवं, तुमी येवढं वाजवता व्हय? मला वाटलं, नुसतं बडवता."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

कॅसेटच्या प्रती काढताना लोकांचं ते हसणं कापावं, असं मी सुचवलं. "नगा कापू," ते म्हणाले. "मानसं हसली म्हनून तर मला वाट गावली."

कॅसेट हातोहात फिरली. फिरत फिरत सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या एका निवासी शाळेत पोचली. तिथून पत्र आलं: मुलांना ड्रम शिकवाल का? बँडमधले म्हणाले, "पन्नाशीला आलास, आता कुठं जातोस रं?" त्यांनी उत्तर दिलं, "फौजेत बदली आली की निघायचं असतं गड्या."

आम्ही त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. एसटीच्या टपावर ट्रंका, वळकट्या आणि मधोमध तो मोठा ड्रम. गाडी सुटली तसे आम्ही हात हलवू लागलो. पण त्यांचं लक्ष कुठं होतं! दोरी सैल झाली की काय, म्हणून ते खिडकीतून अर्धे बाहेर येऊन वर टपाकडं बघत होते, आणि आत बायको त्यांचा सदरा मागून घट्ट धरून बसली होती.