बोंबलाच्या खोलीतलं गुप्त मतदान

चुरी सरांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी हा लेख खरं तर माझे पती मनोहर देणार होते. त्यांना दिसत नसल्यामुळे त्यांनी सांगायचं, मी लिहून घ्यायचं आणि मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं होतं. श्रावणात ते गेले. आता लेख मलाच लिहावा लागतो आहे आणि मध्ये बोलायला ते नाहीत.

सरांची आणि माझी पहिली भेट खिचडीच्या पातेल्याजवळ झाली. बोईसरच्या आमच्या शाळेत मी लिपिक म्हणून रुजू व्हायला आले, तेव्हा फाटकातून आत शिरताच ‘कार्यालय’ असं लिहिलेला एक सुबक बाण दिसला. बाणाप्रमाणे गेले ती थेट पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात पोचले. तिथे एक गृहस्थ खिचडीची चव घेत होते.

“माझ्याच बाणाने आलात ना?” त्यांनी विचारलं. “मी चित्रकलेचा शिक्षक. काल तो बाण दारावर रंगवला तेव्हा दार बंद होतं. आज कुणीतरी उघडलेलं दिसतंय. मघाशी एक विमा एजंटही येऊन गेले. बसा, खिचडी घ्या.”

त्या दिवसापासून हलणाऱ्या वस्तूवर बाण काढायचा नाही, असा नियम सरांनी केला. वाट चुकलेल्या माणसाला ते कधीही वेंधळा म्हणाले नाहीत. चूक बाणाची, असंच ते म्हणत आले.

निवृत्त झाल्यावरही सर शाळेत येत. आमच्या शाळेत तीन खोल्यांत तीन मतदान केंद्रं असतात. खोल्यांचे क्रमांक बारीक अक्षरात छापलेल्या कागदावर दाराला चिकटवलेले असत. कारखान्यातले लोक पाळी संपवून येत, उन्हात रांग धरत आणि टेबलापाशी पोचल्यावर त्यांना कळे की आपली खोली पलीकडची. काही जण पुन्हा रांगेत उभे राहत. बरेचसे घरी जात. सरांना ते बघवत नसे. शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि कामाला लागले.

प्रथम त्यांनी तिन्ही दारांना तीन रंगांच्या पट्ट्या लावल्या. तासाभरात तीन पक्षांचे कार्यकर्ते आले. प्रत्येकाची तक्रार दुसऱ्याच्या रंगाबद्दल होती. सरांनी पट्ट्या काढून चित्रं लावली: छत्री, बादली आणि कपबशी. तेव्हा कळलं की ही तर उमेदवारांची चिन्हं आहेत. सर घरातली एकेक वस्तू आठवत गेले आणि प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे निवडणुकीला उभी असल्याचं आढळलं. “पाटीलबाई, घरात मी आणि माझी चप्पल एवढेच अपक्ष उरलोय,” ते मला म्हणाले. चप्पलही उभी असल्याचं मी त्यांना सांगितलं.

हल्ली प्राण्यांची चिन्हं देत नाहीत, हे सरांना त्या संध्याकाळी बाजारात मासळी घेताना आठवलं. दुसऱ्या दिवशी तीन दारांशेजारी, भिंतीवर, तीन मोठी चित्रं लागली. पहिल्या खोलीला पापलेट, दुसरीला कोळंबी, तिसरीला बोंबील. केंद्राध्यक्षांनी तहसीलला फोन करून विचारलं, “माशांना आचारसंहिता लागते का?” पलीकडे फोन या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. मग “चालेल” असं उत्तर आलं.

चित्रं बघायला मुरब्याहून मासळी विकायला येणाऱ्या एक मावशी थांबल्या. “सर, ह्यो पापलेट शिला हाय,” त्या म्हणाल्या.

“चित्र आहे हो मावशी.”

“चित्र असला तरी डोला बगा त्याचा. हा मी कुत्र्याला नाय घालनार.”

सरांनी डोळा पुन्हा रंगवला. सोलापूरकडच्या एका कामगाराने कोळंबी म्हणजे गोम आहे का, असं विचारलं, तेव्हा मावशींनीच त्याला झापलं. आमचे शेजारी शहाकाका शाकाहारी. “आम्ही कोळंबीत जायचं कसं?” असं ते म्हणाले. “आत जायचंय काका, खायची नाहीये,” असं सरांनी त्यांना समजावलं.

आमच्या घराला तिसरी खोली, म्हणजे बोंबील, आली होती. आणि आमच्या घरात वेगळाच प्रश्न होता. साखरेमुळे मनोहरांची दृष्टी गेली होती. आदल्या निवडणुकीत मी त्यांची सोबतीण म्हणून आत गेले आणि त्यांच्या वतीने बटण दाबलं. त्यांनी सांगितलेलंच दाबलं, हे मी इथे नमूद करते. पण आमची मतं जन्मात कधी जुळली नव्हती, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही.

“तू काय दाबलंस ते मला दिसलं काय?” ते वर्षभर म्हणत होते. “तुजी दोन मतं झाली आनि माजं एक पन नाय.”

या खेपेला त्यांनी मतदानाला न जायचं ठरवलं. मी पुष्कळ समजावलं. शेवटी सरांच्या कानावर घातलं. “मनोहररावांचं बरोबर आहे,” सर म्हणाले आणि घरी गेले.

दोन दिवसांनी ते पुठ्ठ्याचं यंत्र घेऊन आले. बटणांच्या जागी बाटल्यांची पत्र्याची झाकणं होती. दाबली की टक् वाजत. यंत्रावरची उमेदवारांची नावं सर क्रमाने वाचून दाखवत आणि मनोहर वरून बोटाने बटणं मोजत खाली येत. त्या वेळी सर भिंतीकडे तोंड करून बसत. टक् ऐकू आलं की तोंडाने “पींऽऽ” करत.

“सर, खोटं मत हाय, बघितलंत तरी चालेल,” मनोहर म्हणाले.

“सवय लागते,” सर भिंतीला म्हणाले.

मतदानाच्या दिवशी सरांनी केंद्राध्यक्षांना विचारून फाटकापासून बोंबलापर्यंत भिंतीच्या कडेने दोरी बांधली. वळणाला गाठ, पायरीला दोन गाठी. मनोहर माझा हात सोडून दोरी धरून निघाले. मी आणि सर बाहेर उभे राहिलो. आतून आवाज येईना. मागची रांग चुळबुळ करू लागली. कुणीतरी म्हणालं, “बाबा अंदर सो गए क्या?” मी आत जायला निघाले, तर सरांनी मला थांबवलं. मग यंत्राचा लांब आवाज आला. सरांच्या “पीं”पेक्षा तो जरा कमीच सुरेल होता.

मनोहर शाई लावलेलं बोट वर धरून बाहेर आले.

“कुणाला दिलं?” मी विचारलं.

“गुप्त हाय,” ते म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत हसत होते.

ते त्यांचं शेवटचं मतदान ठरलं. ती दोरी सरांनी नंतर आमच्या घरी पलंगापासून मोरीपर्यंत बांधून दिली. मी ती सोडलेली नाही. मला चांगलं दिसतं, तरी कधीकधी धरून चालते.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचा हात असाच स्थिर राहो, कारण बोंबलाचा रंग उडाला आहे आणि निवडणुका काही थांबत नाहीत. मनोहरांचं मत कुणाला गेलं, हे मला आजही माहीत नाही. दिवसकार्य झाल्यावर सर भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, सरावात हे कितवं बटण दाबायचे?

“बाई,” सर म्हणाले, “माझं तोंड भिंतीकडे होतं.”